गुडघा दुखतो, बाई

दर वर्षी मे महिन्यात मी ठरवते की या उन्हाळ्यात पाय तयार ठेवायचे. बेसमेंटमधली सायकल चालवायची, तळ्याभोवती भराभर चालायचं, मांड्यांना जरा कामाला लावायचं. मग नोव्हेंबर संपत येतो, टेकडीवर बर्फ पाडणारी यंत्रं सुरू होतात आणि मी बेसमेंटमध्ये जाऊन बघते, तर सायकलवर इस्त्रीला काढलेले कपडे असतात.

आम्ही ईडन प्रेरीला राहतो. मिनेसोटात डोंगर नाहीत. ज्याला इथे स्की हिल म्हणतात ती नागपुरात असती तर तिच्यावर पाण्याची टाकी बांधली असती. पण उतार तो उतारच, आणि चाळिशी ओलांडल्यावर तो लहान आहे की मोठा हे गुडघ्यांना कळत नाही. मी स्की शिकले ते हौसेने नव्हे. मुलगी शाळेच्या स्की टीममध्ये जायला लागली आणि तिला सोडून दोन-दोन तास लॉजमध्ये, म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या हॉलमध्ये, बसावं लागायचं. लॉजमध्ये ओल्या मोज्यांचा वास येतो. पहिला हिवाळा मी तो वास घेत ऑफिसच्या ईमेल केल्या. दुसऱ्या हिवाळ्यात बिगिनर्सच्या क्लासला नाव घातलं. क्लासमधल्या बाकीच्यांची उंची माझ्या कमरेएवढी होती.

ही गोष्ट त्यानंतरच्या चौथ्या सीझनची. त्या वर्षी आई इथे होती. आधी ती नेहमी उन्हाळ्यात यायची, बाबांबरोबर. बाबा गेले त्यानंतरचा हा पहिला हिवाळा. तिला एकटीला नागपुरात ठेवायचं नाही म्हणून मी तिला ऑक्टोबरमध्ये घेऊन आले. ती म्हणाली, "तुमची थंडी एकदा बघायची होती." थंडी बघितल्यावर म्हणाली, "बघितली."

आई आयुष्यभर मुलींच्या शाळेत पी.टी.ची शिक्षिका होती. कवायत, लेझीम आणि मुख्य म्हणजे खो-खो. तिची टीम जिल्ह्यात सहसा हरायची नाही. मी त्याच शाळेत होते आणि शाळेत मलाही तिला बाईच म्हणावं लागायचं. घरी आल्यावर आई. कधीकधी चुकून जेवताना बाई म्हणायचे, तर ती वाढता वाढता "हं" म्हणायची.

सीझनच्या पहिल्या शनिवारी मी आणि मुलगी टेकडीवर गेलो. टेकडीचा अर्धाच भाग उघडला होता. बर्फ यंत्राचा, खाली घट्ट आणि वरून साखरेसारखा. पहिल्या दोन खेपा मी झकास उतरले. तिसऱ्या खेपेला मांड्या पेटल्या. स्कीवर वेग आवरायचा तर पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करून पाय फाकवायचे असतात. मुलांना शिकवताना त्याला पिझ्झा म्हणतात. नीट येणारी माणसं पिझ्झा करत नाहीत. मी ती पूर्ण दुपार पिझ्झा करत होते, आणि तोही मागे रेलून, म्हणजे हवेत अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखी.

मुलगी माझ्या बाजूने उलटी घसरत जात म्हणाली, "मॉम, यू आर सिटिंग. डोन्ट सिट."

मी म्हटलं, "बसले नाहीये. वाकलेय."

"यू आर टोटली सिटिंग."

शेवटच्या खेपेला पाय इतके थरथरायला लागले की खाली पोचल्यावर बूट काढायला वाकता येईना. स्कीचे बूट म्हणजे प्लॅस्टिकचं प्लास्टर. मुलीने माझ्यासमोर गुडघ्यावर बसून एकेक बकल उघडलं आणि बूट ओढून काढले. शेजारी एक बाई आपल्या चार वर्षांच्या पोराचे बूट काढत होती. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो.

रविवारी सकाळी मी उठले ती उठलेच नाही. आधी कुशीवर वळले, मग पाय पलंगाखाली सोडले, मग नवऱ्याला म्हटलं, "जरा ढकल." त्याने ढकललं. तो पुण्याचा आहे आणि स्कीला आजवर फिरकलेला नाही. मागून म्हणाला, "यासाठी आपण महाराष्ट्र सोडला?"

उभं राहता येत होतं. सपाटीवर चालताही येत होतं, लाकडी बाहुलीसारखं का होईना. खरी भानगड जिन्याशी झाली. चढण्याचं काही नाही. उतरताना पुढचा पाय खालच्या पायरीवर ठेवायचा तर मागच्या पायाची मांडी अंग तोलून धरते, आणि माझ्या मांड्यांनी ते काम सोडून दिलं होतं. शिवाय उजव्या गुडघ्यात वाटीच्या आतल्या बाजूला ठणका होता. दोन पायऱ्या उतरून बघितल्या. मग वळले, दोन्ही बाजूंचे कठडे धरले आणि उलटी उतरू लागले.

खाली आई चहाचा कप घेऊन उभी होती. ती जिन्याकडेच बघत होती.

"काय करून राहिली?" तिने विचारलं.

"उतरतेय."

"अशी?"

"अंग आंबलंय. काल पहिलाच दिवस होता ना."

पी.टी.च्या बाईंना हे उत्तर ऐकायची सवय होती. ती म्हणाली, "पहिल्या दिवशी आंबतंच. दुसऱ्या दिवशी परत तेच करायचं. पंचवीस उठाबशा काढ, मोकळं होईल."

मी शेवटच्या पायरीवर टेकले. उठाबशा हा शब्द ऐकूनच मांड्या भरून आल्या. "आई, मला कमोडवर बसता येत नाहीये. शेवटची वीतभर मी सरळ सोडून देते."

तिने चहा माझ्या हातात दिला. "मिठाच्या गरम पाण्याने शेक," ती म्हणाली. आणि थोडं थांबून, "उलटं उतरणं बरोबर आहे. पण एका बाजूचाच कठडा धरायचा. दोन्ही हातांनी एकच."

त्या वेळी मला वाटलं, ही शिक्षिका आहे, तिला सगळं माहीत असतं.

त्यानंतरचे तीन-चार दिवस मी घरभर युक्त्या शोधत फिरले. ज्याच्या मांड्या आणि गुडघे एकदम दुखतात त्याला घराची एक वेगळीच बाजू दिसायला लागते. कुठल्या खुर्चीला हात आहेत. सोफा किती खोल आहे. कपाटाचा खालचा खण किती खाली आहे आणि त्यातलं कुठलं भांडं नाही काढलं तरी चालेल. जेवणाच्या टेबलावरून उठताना तळहात टेबलावर दाबायचे, अंग पुढे झुकवायचं आणि मग उठायचं. खाली पडलेली वस्तू लगेच उचलायची नाही. अजून काही पडतंय का ते बघायचं आणि मग एकाच खेपेत सगळं उचलायचं. जिना उतरायच्या आधी वर उभं राहून खालचं काम खरंच आहे का ते ठरवायचं.

बुधवारी रात्री जेवण झाल्यावर मी तळहात टेबलावर दाबले, अंग पुढे झुकवलं, आणि समोर बघितलं तर आई तळहात टेबलावर दाबून अंग पुढे झुकवत होती. आम्ही दोघी एकाच वेळी उठलो. ती नेहमी हाताच्या खुर्चीवर बसते हेही मला तेव्हाच दिसलं. त्या टेबलाला हाताची खुर्ची एकच आहे.

मग मी बघायला लागले. आई सकाळी स्वयंपाकघरात खालच्या खणातली कढई काढत नव्हती. वरच्या हुकाला टांगलेल्या पॅनमध्ये पोहे करायची आणि म्हणायची की या पॅनला लागत नाहीत. आम्ही तिच्यासाठी वरच्या मजल्यावरची उन्हाची खोली सजवली होती. ती आल्या दिवशी वर जाऊन बघून आली, खिडकी छान आहे म्हणाली, आणि तेव्हापासून खालच्या ऑफिसच्या खोलीत सोफा-कम-बेडवर झोपत होती. "वर हीटरचं गरम होतं," असं तिचं म्हणणं. घरात हीटर सगळीकडे सारखाच चालतो. नवऱ्याने तिला थर्मोस्टॅट दाखवून हे सांगितलंही होतं. ती त्याला म्हणाली होती, "मशीनला काय कळतं?"

मी विचारलं नाही. आईला थेट विचारलेलं आवडत नाही. प्रश्न विचारायचे ते तिने, शिट्टी तिच्या गळ्यात.

त्या आठवड्याच्या शेवटी सहा डिसेंबर आला. महापरिनिर्वाण दिनाला आमच्या भागातली माणसं दर वर्षी एका घरी जमतात. कुणी नागपूरचं, कुणी औरंगाबादचं, कुणी मुंबईचं. युनिव्हर्सिटीतली पोरं राइड शेअर करून येतात. हे घर ज्यांचं ते काका आणि काकू आमच्यात सगळ्यांत आधी इथे आलेले. त्यांचं बेसमेंट मोठं आहे. तिथे एका टोकाला टेबलावर तसबीर, बुद्धमूर्ती, पांढरी फुलं, मेणबत्त्या, आणि खाली सतरंज्या अंथरलेल्या. सगळे पांढऱ्या कपड्यांत. बाहेर उणे पंधरा असतं आणि आत माणसं पांढऱ्या सुती कुर्त्यांवर जाकिटं काढून ठेवून कुडकुडत जयभीम घालत असतात.

आम्ही पोचलो तेव्हा बहुतेक मंडळी खाली गेली होती. बूट काढून आम्ही बेसमेंटच्या दाराशी आलो. जिना अरुंद, कार्पेटचा, आणि कठडा एकाच बाजूला. तोही निम्म्यात संपणारा.

मी म्हटलं, "आई, तू हो पुढे."

आई म्हणाली, "तू हो. मी येते."

"नाही, तू हो."

"तुला शेवटी मी दिसले पाहिजे ना? तू हो पुढे, मी मागून बघते."

तिच्या बोलण्यात काही अर्थ नव्हता. आमच्यामागून आलेली मुलगी म्हणाली, "गाइज, देअर इज अ लाइन," कारण तिच्यामागे आता युनिव्हर्सिटीची दोन पोरं हातात खिरीचं पातेलं घेऊन उभी होती. मी वळले आणि उलटी उतरले. खालच्या चाळीसेक माणसांना आधी माझी पाठ दिसली. त्यानंतर आई आली. ती सुलटी आली, पण आडवी, एका पायरीवर दोन्ही पाय जुळवत. एक हात कठड्यावर आणि कठडा संपल्यावर भिंतीवर. पांढऱ्या साडीचा निऱ्यांचा भाग तिने दुसऱ्या हातात धरला होता, त्यामुळे बघणाऱ्याला वाटावं की साडीमुळे हळू चाललीय.

वंदना सुरू झाली. आमच्याकडे गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून तीनदा वंदन करतात. आई मागे भिंतीपाशी उभी राहिली. शेजारच्या बाईंना ती हळूच म्हणाली, "स्टार्चची साडी आहे, मी उभ्यानेच करते." मी मात्र पुढे होते. पहिल्यांदा खाली गेले, वर आले. दुसऱ्यांदा खाली गेले, वर आले. तिसऱ्यांदा खाली गेले आणि तिथेच राहिले. त्रिशरण झालं, पंचशील झालं, सगळे उठून मांडी घालून बसले, मी अजून वाकलेलीच. समोर बसलेल्या काकांना वाटलं मी भावनेच्या भरात आहे. त्यांनी सगळ्यांना हाताने गप्प राहायची खूण केली. बेसमेंटमध्ये शांतता पसरली. शेवटी मुलगी सतरंजीवरून रांगत आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "मॉम, आर यू प्रेइंग ऑर आर यू स्टक?"

"स्टक," मी म्हटलं.

तिने माझ्या काखेत हात घालून मला उचललं. काकू नंतर मला म्हणाल्या की आजकालच्या पिढीत इतकी श्रद्धा दिसत नाही.

भाषणं झाली. युनिव्हर्सिटीतल्या एका मुलीने तिच्या आजोबांबद्दल सांगितलं, फार छान सांगितलं. मला मांडी घालता येत नव्हती म्हणून मी पाय लांब करून बसले होते. आई मागे, घडीच्या खुर्चीवर. त्या ओळीत सत्तरीच्या पुढचेच लोक बसले होते. आई सत्तरची व्हायला अवकाश होता. जेवण वर होतं. जेवणासाठी सगळे जिना चढून वर गेले तेव्हा आई म्हणाली की ती सतरंज्या गोळा करायला थांबते. मीही म्हटलं, मी थांबते. मुलीला मी वर पाठवलं.

सतरंज्या गोळा करायला पोरं होतीच. त्यांनी त्या गुंडाळल्या, भिंतीला उभ्या केल्या आणि वर गेली. आम्ही दोघी तसबिरीसमोर खुर्च्यांवर बसलो. मेणबत्त्या अजून जळत होत्या. वरून ताटल्यांचे आवाज येत होते.

मी जिन्याकडे बघितलं. तीही बघत होती.

"चल," मी म्हटलं.

"तू जा. मी येते."

"आई, कधीपासून दुखतायत?"

तिने पदराचं टोक मांडीवर सरळ केलं. मग म्हणाली, "काय?"

"गुडघे."

"मला काय झालंय? तुझे दुखतायत. तू स्की करते."

"माझे रविवारपासून. तुझे कधीपासून?"

वरून काकूंचा आवाज आला, "काही राहिलं का गं खाली?"

"नाही काकू, आलोच," मी ओरडले.

आई मेणबत्त्यांकडे बघत म्हणाली, "बाबा आजारी पडायच्या आधीपासून. डावा जास्त. तेव्हा त्यांचं सगळं चालू होतं, मी कुठे आपलं काढू. मग ते गेले. मग राहून गेलं."

आमचं नागपूरचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. मी तेव्हा मनात मागे मागे जाऊ लागले. उन्हाळ्यात व्हिडिओ कॉलवर तिने मला एक टोपली कौतुकाने दाखवली होती. तिला दोरी बांधून ती गॅलरीतून खाली सोडायची, भाजीवाला भाजी टाकायचा, दूधवाला दूध. किती सोय झाली म्हणाली होती. मीही म्हटलं होतं, वा, मस्त आयडिया.

"तू खाली उतरायचीस ना रोज?" मी विचारलं.

"रोज नाही."

"मग?"

"बँकेत जायचं असलं तर."

"आणि बँकेत कधी जायचीस?"

"आता सगळं फोनवर होतं ना," आई म्हणाली.

मी रागावणार होते. पण माझे स्वतःचे पाय समोर ताठ पसरलेले होते आणि मला उठून उभं राहून रागावता येत नव्हतं. बसल्या बसल्याच म्हटलं, "मग सांगितलं का नाहीस? रोज तर फोन करत होते मी."

ती म्हणाली, "माझ्याकडे पोरी यायच्या, आठवते तुला? ग्राउंडवर नेलं की दोन-तीन तरी यायच्याच. बाई, गुडघा दुखतो. कोणाला कविता पाठ करायची असायची, कोणाला उन्हाचा कंटाळा, कोणाला नुसतंच सावलीत बसायचं असायचं. मी सगळ्यांना एकच सांगायची, पळ, पळलं की राहतं. नोकरी संपेपर्यंत एकीवरही विश्वास ठेवला नाही मी." ती थांबली. "आता माझा खरंच दुखून राहिला. तर ते तोंडातून निघतच नाही बापा. गुडघा दुखतो म्हणायला तोंड उघडलं की मलाच वाटते, ही कामचुकार आहे."

मला हसू आलं. हसू नये असं वाटत होतं, पण आलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग तीही हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत, तसबिरीकडे पाठ करून.

"त्यातल्या काहींचा खरा दुखत असेल," मी म्हटलं.

"असेल ना. एक तर नक्कीच. लांब वेणीची होती. कशी पळायची ती, एका पायावर. मला वाटायचं नाटक."

मग आम्ही जिना चढलो. चढताना चांगला पाय आधी टाकायचा, हे तिने मला सांगितलं. मी म्हटलं, तुझा चांगला कोणता? ती म्हणाली, "चांगला कोणताच नाही. त्यातल्या त्यात उजवा." कठडा सुरू होईपर्यंत तिने माझा खांदा धरला. माझा खांदा ठीक होता. आम्ही वर पोचलो तेव्हा मसालेभात संपत आला होता आणि नवरा दोघींची ताटं झाकून घेऊन उभा होता.

घरी जाताना गाडीत मागून मुलीने विचारलं, "आजी, डू युअर नीज हर्ट?"

आई खिडकीबाहेर बघत होती. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग होते. "हो," ती मराठीत म्हणाली. "दुखतात."

"लाइक, अ लॉट?"

"हो."

"ओके," मुलगी म्हणाली आणि परत फोनमध्ये डोकं घातलं. मला वाटतं आईला तेच बरं वाटलं.

माझ्या मांड्या पुढच्या आठवड्यात पूर्ण बऱ्या झाल्या. आंबलेलं अंग असंच असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाटतं की आता आपण कायमचे असेच, आणि मग एका सकाळी जिना उतरून खाली आल्यावर लक्षात येतं की आपण सुलटे उतरलो. उजवा गुडघा मात्र राहिला. उतारावर तर टोचायचाच, गाडीत ब्रेकवरून पाय उचलतानाही टोचायचा. डॉक्टरने फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. मी आईला सोबतीला घेऊन गेले. तिने बजावलं, "मी नुसती बसीन."

फिजिओथेरपिस्ट तिशीतला, उंच, गोरा मुलगा. त्याने मला सांगितलं की गुडघ्यात मोठं काही नाही. मांड्या कमजोर आहेत, कुल्ले कमजोर आहेत, आणि गुडघा त्या दोघांची कामं करतोय. मग मला भिंतीला पाठ लावून, हवेत खुर्चीवर बसल्यासारखं बसायला सांगितलं. मी बसले. माझे पाय थरथरायला लागले. कोपऱ्यातून आईचा आवाज आला, "पाठ भिंतीला! हनुवटी वर!"

तो दचकला. मी त्याला सांगितलं की ही माझी आई, शाळेत पी.टी. शिकवायची. तो तिच्याकडे वळून म्हणाला, "अँड हाऊ आर युअर नीज?"

आईने माझ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. मग सावधानमध्ये उभं राहिल्यासारखं बसल्या जागी ताठ होऊन म्हणाली, "नॉट गुड."

त्याने तिला तपासलं नाही, तशी तिची अपॉइंटमेंट नव्हती. पण खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, दहा मोजायचे आणि खाली आणायचा, एवढं दाखवलं, आणि भारतात परत गेल्यावर हाडाच्या डॉक्टरांना दाखवाच म्हणाला. त्यानंतर आम्ही दोघी रोज संध्याकाळी टीव्हीसमोर खुर्च्यांवर बसून पाय वर करायचो. आकडे आई मोजायची. तिचा आठ आणि नऊ यांच्यामध्ये बराच वेळ जायचा. नवरा एकदा म्हणाला, "आई, नऊ विसरलात का?" तर तिने त्यालाही खुर्ची आणायला लावली.

जानेवारीत ती एकदा टेकडीवर आली. लॉजमध्ये काचेजवळ हाताची खुर्ची शोधून बसली. मी दोन खेपा मारून आत आले तेव्हा टीममधली एक मुलगी तिच्यासमोर उभी होती. आमच्या मुलीच्याच वयाची, हेल्मेट काढलेलं, केस घामाने चिकटलेले. तिला इथे कुणाची आजी बसली आहे एवढंच माहीत होतं. ती कोचला शोधत होती. आपला गुडघा दुखतोय आणि आपल्याला आजच्या शेवटच्या रनला जायचं नाहीये, असं ती आईला इंग्रजीत सांगत होती, कारण ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

आईने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. मला ते बघणं पाठ आहे. त्या नजरेने नागपुरात कितीतरी मुली परत ग्राउंडवर गेल्या होत्या. मग आईने शेजारच्या खुर्चीवर ठेवलेला माझा कोट उचलून मांडीवर घेतला आणि खुर्चीवर हात थोपटला. "सिट," ती म्हणाली.

मुलगी बसली. थोड्या वेळाने ती उठून काउंटरवर फ्राइज घ्यायला गेली. आई तिच्या चालण्याकडे बारकाईने बघत होती, जाताना आणि येतानाही.

"लंगडत नाहीये," ती माझ्या कानाशी म्हणाली.

"मग?"

"असू दे. बसू दे तिला."

मार्चमध्ये मी तिच्याबरोबर नागपूरला गेले. डॉक्टरांनी एक्स-रे काचेवर लावले आणि सांगितलं की दोन्ही वाट्या झिजल्यात, दोन्ही गुडघे बदलायला हवेत. आईने त्यांना विचारलं की डावा आधी केला तर उजवा किती दिवस ऐकेल. त्यांनी सांगितलं, तुम्ही ठरवा. तिने डावा करून घेतला. ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात, तेव्हा ती ओरडली. मी तिला ओरडताना पहिल्यांदा ऐकलं. नर्स म्हणाली, दुखतं का मावशी? आई म्हणाली, "हो तर. फार दुखतं." आणि पुढे जे कोणी खोलीत आलं, डॉक्टर, झाडूवाली, शेजारच्या पेशंटची सून, त्या प्रत्येकाला तिने न विचारता सांगितलं की गुडघा दुखतो. मी तिथे होते तोवर रोज ऐकलं. मला त्याचा थोडा कंटाळाही आला.

या वर्षीचा सीझन नुकताच सुरू झाला. मी उन्हाळ्यात सायकल चालवली नव्हती. रविवारी सकाळी पलंगाच्या कडेवर बसून, पाय लोंबकळत ठेवून, मी आईला फोन लावला. तिच्याकडे संध्याकाळ होती. मागून स्कूटरचे आणि पोरांच्या खेळण्याचे आवाज येत होते, म्हणजे ती घरात नव्हती.

"आई, मांड्या गेल्या कामातून," मी म्हटलं.

"थांब," ती म्हणाली. तिचा श्वास ऐकू येत होता, आणि कठड्यावरच्या बांगड्या. "मी जिन्यात आहे. जिन्यात बोलायचं नसते. खाली पोचले की करते."

तिने फोन ठेवला. मी पलंगावर बसून वाट बघत राहिले. बऱ्याच वेळाने तिचा फोन आला, पण तोवर ती कोपऱ्यावरच्या दुकानात पोचली होती आणि तिला आधी तिथल्या बाईशी भांडायचं होतं.